वानगी आणि माल



धान्याच्या व्यापारात सगळा माल उघडून दाखवण्याची सोय क्वचितच असते. मूल, सिंदेवाही किंवा देसाईगंजच्या गिरणीतील तांदूळ दूरच्या बाजारपेठेत विकायचा असला, तर आधी जाते ती मूठभर वानगी. घेणारा ती तळहातावर पसरतो, उजेडाकडे धरतो, दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि शेकडो पोत्यांचा निर्णय त्या एका मुठीवर करतो. वानगी मालापेक्षा हलकी गेली तर चांगला माल पडून राहतो. मालापेक्षा सरस गेली तर सौदा होतो खरा, पण गाडी उतरताच पत जाते. वानगी मालासारखीच असावी, उणीही नको आणि अधिकही नको, हे व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही.

आजचा विषय चित्रांचा आहे. तरीही हाच नियम आपल्याला शेवटपर्यंत सोबत करील. अलीकडे चित्रकला, हस्तकला, रांगोळी, इतकेच काय, गहुलीच्या स्पर्धांतही प्रथम मागणी होते ती कलाकृतीच्या छायाचित्राची. प्राथमिक फेरीतील परीक्षक मूळ चित्र पाहत नाहीत. ते संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक छायाचित्रे पाहतात आणि निवडलेल्यांनाच मूळ कृती पाठवण्यास सांगतात. म्हणजे छायाचित्र ही वानगी आणि चित्र हा माल. आपल्या घरांतील मुली, सुना आणि मुले महिनोन्‌महिने खपून चित्र पूर्ण करतात आणि अखेरच्या दिवशी, रात्री, ट्यूबलाइटखाली, हातातल्या फोनने अर्ध्या मिनिटात त्याचा फोटो काढून पाठवून देतात. चित्र नाकारले गेले की घरात हळहळ होते. परंतु परीक्षकांनी चित्र पाहिलेच नव्हते, पाहिली होती फक्त वानगी, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

पूर्वी ही अडचण वेगळ्या प्रकारची होती. १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात राजा रविवर्मा यांची दहा चित्रे गेली होती आणि त्यांना तेथे पदके मिळाली. त्याच वर्षी, त्याच शहरातील सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची बाजू जगापुढे मांडली होती, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. त्या काळी चित्राला स्वतः समुद्र ओलांडून जावे लागे. आज चित्र भिंतीवरच राहते आणि त्याची प्रतिकृती क्षणार्धात कोठेही पोहोचते. प्रवासाचे कष्ट संपले, पण पाठवण्यापूर्वीची काळजी संपलेली नाही. पूर्वी ती चित्राच्या बांधणीत घ्यावी लागे, आता ती छायाचित्रात घ्यावी लागते.

आपल्या वनप्रदेशाने स्पर्धेतील यशाचे एक ठळक उदाहरण पाहिले आहे. २०१८ साली रेल्वे मंत्रालयाने देशभरातील स्थानकांच्या सुशोभीकरणाची स्पर्धा घेतली. ११ विभागीय रेल्वेंकडून ६२ प्रवेशिका आल्या आणि १० लाख रुपयांचे पहिले पारितोषिक बल्लारशाह व चंद्रपूर या स्थानकांना मिळाले. बिहारमधील मधुबनी आणि तामिळनाडूतील मदुराई ही स्थानके दुसऱ्या क्रमांकावर होती. ज्या मधुबनीच्या नावाने एक चित्रशैली जगभर ओळखली जाते, तिच्याही पुढे आपली स्थानके गेली, ही गोष्ट लहान नव्हे. बल्लारशाह व चंद्रपूरच्या भिंतींवर स्थानिक कलावंतांनी ताडोबातील वाघ आणि वन्यजीवन रंगवले होते. स्थानकाची भिंत उचलून कोठे नेता येत नाही. ज्यांनी कधी बल्लारशाहच्या फलाटावर पाय ठेवला नाही, अशा हजारो लोकांपर्यंत ते वाघ पोहोचले ते छायाचित्रांतूनच. चित्र जितके जागेशी बांधलेले, तितकी त्याच्या छायाचित्राची जबाबदारी मोठी.

तेव्हा ही वानगी कशी काढावी, याचा क्रमाने विचार करू.

पहिले काम कॅमेऱ्याचे नाही, वाचनाचे आहे. स्पर्धेची नियमावली छापून घ्यावी आणि सौद्याच्या अटी वाचाव्या तशी वाचावी. किती छायाचित्रे मागितली आहेत, फाईल कोणत्या प्रकारची हवी, ती कमाल किती मोठी चालेल, लांब बाजू किती पिक्सेलची असावी, चौकटीसह फोटो चालतो की नाही, चित्रावर नाव दिसलेले चालते की नाही, अंतिम दिनांक आणि वेळ कोणती, या सर्व बाबी एका कागदावर उतरवून घ्याव्यात. परीक्षण निनावी असेल तर चित्राच्या कोपऱ्यातील सही किंवा फाईलला दिलेले स्वतःचे नाव एवढ्या कारणानेही प्रवेशिका बाद होऊ शकते. उत्तम चित्र असूनही केवळ अटीमुळे बाहेर पडणे यासारखे दुःख नाही, कारण तेथे कलेचा पराभव झालेलाच नसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. चित्र पूर्ण होऊन वाळल्यावर, परंतु काचेच्या चौकटीत बसवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढावे. एकदा काच बसली की तिच्यात समोरची खिडकी, दिवा आणि फोटो काढणारा स्वतः असे सगळे दिसू लागतात. चकचकीत वार्निशचेही तसेच. शक्य असेल तर ते लावण्याआधीच फोटो घ्यावा. पावसाळ्यात आपल्याकडील दमट हवेने कागद फुगतो आणि त्याच्या लाटा फोटोत सावल्या होऊन उमटतात. असे चित्र स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर सपाट फळी व वजन ठेवावे आणि ते सरळ झाल्यावरच कामाला लागावे. जलरंग वा खडूचे काम असेल तर रंग दबणार नाही, पुसला जाणार नाही याची आधी खात्री करून घ्यावी.

आता उजेडाचा प्रश्न. साडीच्या दुकानात जाणकार गिऱ्हाईक दिव्याखाली साडी पसंत करते, पण पैसे मोजण्याआधी ती दुकानाच्या दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहते. दिव्याखाली जांभळी वाटलेली साडी दारात निळी निघते, हा अनुभव कापडाच्या व्यापाऱ्यांना नवा नाही. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. पिवळ्या बल्बखाली पांढरा कागद पिवळा दिसतो. एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने दिवा असा मिश्र प्रकाश असला, तर अर्धे चित्र निळसर आणि अर्धे पिवळसर उमटते, आणि हा दोष नंतर कोणत्याही उपायाने नीट निघत नाही. म्हणून एकाच प्रकारचा उजेड वापरावा. सर्वांत सोपा व बिनखर्चाचा उजेड म्हणजे उघड्या आकाशाचा, सावलीतला उजेड. उत्तरेकडे उघडणारा व्हरांडा किंवा ढगाळ दिवसाची सकाळ यांपेक्षा चांगली जागा विकत घेऊनही मिळत नाही.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. त्या प्रखर उन्हात चित्र ठेवले तर कागद वाकतो, रंगाला इजा होते आणि कागदाच्या पोतातील प्रत्येक खळगा काळा दिसू लागतो. मग सावली हवी म्हणून चित्र झाडाखाली नेण्याचा मोह होतो. येथे एक सूक्ष्म अडचण आहे. गर्द पानांतून गाळून आलेला प्रकाश हिरवट असतो. डोळ्यांना त्याची सवय होते, कॅमेऱ्याला होत नाही. साग आणि कडुनिंबाच्या सावलीत काढलेल्या चित्रातील चेहऱ्यांवर आजारी माणसासारखी हिरवी छटा येते. असाच रंग शेजारच्या रंगीत भिंतीचा आणि फोटो काढणाऱ्याच्या लाल-पिवळ्या कपड्यांचाही चित्रावर पडतो. म्हणून जागा झाडापासून दूर, भिंत पांढरी किंवा करडी आणि अंगावर साधे, फिके वस्त्र असावे.

घरातच काम करावयाचे असेल तर एकाच प्रकारचे दोन पांढरे दिवे घ्यावेत. ते चित्राच्या उजव्या व डाव्या बाजूस सारख्या अंतरावर, भिंतीशी साधारण ४५ अंशांचा कोन करून ठेवावेत आणि घरातील बाकी सर्व दिवे मालवावेत. प्रकाश सारखा पडला आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती अशी, की चित्राच्या मध्याशी एक पेन्सिल आडवी धरावी, तिचे टोक चित्राकडे असावे. दोन्ही बाजूंना पडलेल्या सावल्या सारख्याच गडद दिसल्या तर दिवे बरोबर लागले आहेत. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश मात्र कटाक्षाने बंद ठेवावा. तो चित्राच्या मध्यभागी पांढरा डाग पाडतो आणि कडा अंधारात ढकलतो.

त्यानंतर चित्र आणि कॅमेरा यांची मांडणी. चित्र भिंतीवर सरळ टांगलेले असावे आणि कॅमेऱ्याचे भिंग चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर, चित्राच्या पृष्ठभागाशी समांतर असावे. कॅमेरा खाली-वर कलला की आयताची एक बाजू आखूड होते आणि जटपुरा दरवाजाचे सरळ बुरूज आत झुकलेले दिसतात. परीक्षकाला तो चित्रकाराचाच दोष वाटतो. समांतरता तपासण्यासाठी चित्राच्या जागी, भिंतीला सपाट चिकटवून, एक लहान आरसा ठेवावा. कॅमेऱ्यातून पाहताना भिंगाचे प्रतिबिंब आरशाच्या आणि पडद्याच्या ठीक मध्यात दिसले, तर कॅमेरा समोरासमोर आहे. मग आरसा काढून चित्र लावावे. लहान चित्र जमिनीवर ठेवून वरून फोटो घेता येतो. मात्र आपलीच सावली त्यावर पडणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

यासाठी महागडा कॅमेरा लागतोच असे नाही. आजचा साधारण चांगला फोन पुरतो, परंतु तो जाणतेपणाने वापरावा. भिंग मऊ कापडाने पुसावे, कारण बोटांच्या तेलकट थराने सगळे चित्र धुरकट होते. अगदी जवळ जाऊन, सर्वाधिक रुंद दृश्य घेणाऱ्या भिंगाने फोटो काढू नये; त्याने सरळ कडा पिंपाच्या बाजूंसारख्या फुगतात. चार पावले मागे यावे आणि फोनला दुसरे, दूरचे भिंग असल्यास ते वापरावे. फोन तिपाईवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर स्थिर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाच्या स्पर्शानेही तो हलणार नाही. चेहरा उजळ करणारी, रंग भडक करणारी सर्व साधने बंद करावीत. बिले आणि कागदपत्रे टिपण्यासाठी दुकानात वापरले जाणारे स्कॅनर अॅप चित्रासाठी तर वापरूच नये. ते कागद पांढराशुभ्र आणि अक्षर काळेभोर करण्यासाठी बनवलेले असते, म्हणून चित्रातील पहाटेच्या धुक्याची फिकट छटा ते कागदाचा डाग समजून पुसून टाकते.

पहिल्या फोटोत चित्राच्या शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवावा आणि दुसरा फोटो त्याशिवाय, त्याच जागी, त्याच उजेडात घ्यावा. पुढे संगणकावर रंग जुळवताना तो पांढरा कागद खराखुरा पांढरा दिसेपर्यंत छटा सुधारली, की तीच सुधारणा दुसऱ्या फोटोलाही लागू करता येते. व्यापारात जसे प्रमाणित वजन, तसा येथे हा पांढरा कागद.

आता आकाराचा थोडा हिशेब करू. बहुतेक फोन साधारण ४००० गुणिले ३००० पिक्सेलचे छायाचित्र देतात. चित्राने त्या चौकटीचा निम्माच भाग व्यापला, तर कडा कातरल्यावर लांब बाजूस २०००च पिक्सेल उरतात. म्हणून चित्र चौकटीत जितके मोठे मावेल तितके मावू द्यावे, कडेला फक्त थोडी जागा सोडावी. ए-४ आकाराचे चित्र सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयने घेतले, तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलची फाईल मिळते आणि ती बहुतेक स्पर्धांना पुरून उरते. मोठी फाईल लहान करता येते. लहान फाईल ओढून मोठी केल्याने तपशील वाढत नाही, केवळ धूसरपणा वाढतो. एका शेर दुधात पाणी ओतून दोन शेर करता येते, पण साय तेवढीच राहते.

मूळ छायाचित्र जसेच्या तसे वेगळे जपून ठेवावे आणि सर्व फेरफार त्याच्या प्रतीवर करावेत. जेपेग प्रकारची फाईल पुनःपुन्हा उघडून बदलून साठवली, की दर खेपेस थोडा तपशील गळतो. त्याहून मोठी गळती व्हॉट्सअॅपवर होते. मुलगी नागपुरात शिकते, चित्र घरी आहे, वडील फोटो काढून व्हॉट्सअॅपने धाडतात आणि ती तोच पुढे स्पर्धेला जोडते, हे अनेक घरांत घडते. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत आकसतो. तो ई-मेलने, किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ स्वरूपात पोहोचतो. एवढ्या एका सवयीने पुष्कळ चांगल्या वानग्यांचा भुगा होण्याचे वाचेल.

संगणकावर करावयाची कामे तीनच आहेत. छायाचित्र सरळ करणे, चित्राच्या कडेपर्यंत कातरणे आणि रंग व उजेड मूळ चित्राशी जुळवणे. कातरताना मागची भिंत, टेबल, चादर काढून टाकावी, परंतु चित्राचा एक सूतही भाग कापू नये. चित्रकाराने कडेला सोडलेली मोकळी जागाही चित्राचाच भाग असते. रंग जुळवताना मूळ चित्र पडद्याशेजारी, दिवसाच्या उजेडात ठेवावे. फोनचे पडदे रंग अधिक भडक दाखवतात, म्हणून शक्य तर दुसऱ्या एखाद्या पडद्यावरही ताडून पाहावे. फाईल साठवताना एसआरजीबी ही रंगपद्धती निवडली, की बहुतेक पडद्यांवर रंग साधारण सारखे दिसतात.

काही माध्यमांना वेगळी काळजी लागते. आपल्या कल्पसूत्राच्या पंधराव्या शतकातील पोथ्यांत सोन्याचा आणि गडद निळ्या रंगाचा सुंदर वापर आढळतो आणि त्या परंपरेने प्रेरित होऊन आजही अनेक भगिनी सोनेरी रंगाने चित्रे काढतात. सोने स्वतःचा रंग दाखवते ते परावर्तनातून. अगदी सम प्रकाशात ते तपकिरी, मातकट दिसते. अशा चित्राचा मुख्य फोटो नेहमीप्रमाणे घेऊन, स्पर्धेची परवानगी असल्यास, दिवा थोडा सरकवून सोनेरी भागाचा एक जवळचा फोटो जोडावा. लाकडी कोरीवकाम किंवा बांबूची वस्तू यांना उलट नियम लागतो. तेथे एकाच बाजूने उजेड द्यावा, म्हणजे खोली आणि विणीचा पोत उठून दिसतो. पार्श्वभूमी साधी, करडी ठेवावी. समोरून, बाजूने आणि जवळून असे तीन फोटो घ्यावेत. रांगोळी व गहुली यांचे छायाचित्र तर एकदाच निघते. स्टुलावर उभे राहून, बरोबर मध्यावरून, कोणाचे पाऊल पडण्यापूर्वी ते घ्यावे, कारण दुसऱ्या दिवशी माल उरत नाही, वानगी तेवढी उरते.

छायाचित्राबरोबर जाणारा मजकूरही तितकाच महत्त्वाचा. शीर्षक, माध्यम, माप, वर्ष आणि कलाकाराचे नाव नियमावलीतील क्रमाने लिहावे. कलाक्षेत्रात माप लिहिताना सामान्यतः आधी उंची, मग रुंदी लिहितात. अर्जात वेगळे सांगितले असल्यास तसे करावे. इंच आणि सेंटिमीटर यांची गफलत होऊ देऊ नये, १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. फाईलला मागितले असेल तसेच नाव द्यावे आणि तसे काही सांगितले नसेल तर इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता, साधे नाव द्यावे.

येथपर्यंत वानगी हलकी जाऊ नये याचा विचार झाला. आता ती मालापेक्षा सरस जाऊ नये याचा. फोनमध्ये आज अशी साधने आहेत की एका स्पर्शात फिके आकाश निळेशार होते, डगमगलेली रेघ सरळ होते, वाघाच्या डोळ्यांत चित्रकाराने न भरलेली चमक येते. छायाचित्रातील धूळ किंवा भिंतीची सावली काढणे हा छायाचित्राचा दोष काढणे आहे. चित्रातील चूक झाकणे हा मात्र चित्राचा दोष लपवणे आहे. या दोहोंमधली रेघ फार बारीक नाही. ‘मूळ चित्र शेजारी आणून ठेवले तर लाज वाटेल काय?’ एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारला की उत्तर मिळते. पुढच्या फेरीत मूळ चित्र परीक्षकांपुढे ठेवले जाते, तेव्हा गाडी उतरतेच.

जगातील नामवंत स्पर्धांनाही या प्रश्नाला तोंड द्यावे लागले आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमतर्फे होणाऱ्या वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलच्या जंगलातील एका मुंगीखाऊ प्राण्याच्या छायाचित्राला पुरस्कार मिळाला. तो प्राणी जिवंत नसून पेंढा भरलेला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला आणि २०१८ मध्ये छायाचित्र अपात्र ठरले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, तरी पुरस्कार परत आला नाही. ताडोबाच्या सान्निध्यात राहणाऱ्या आपल्या तरुणांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुसऱ्या कोणी टिपलेल्या वाघाच्या छायाचित्रावरून हुबेहूब चित्र काढून ते स्वतःची कल्पना म्हणून पाठवणे हेही याच जातीचे. छायाचित्रावर त्याच्या निर्मात्याचा हक्क असतो, १९५७ चा कॉपीराइट कायदा तो मान्य करतो आणि बहुतेक स्पर्धा स्वतंत्र कलाकृतीचीच अट घालतात. संदर्भ घेतला असेल तर परवानगी घ्यावी आणि तसे लिहावे. मुलांच्या चित्रावर आईवडिलांनी शेवटचा हात फिरवणे हीसुद्धा प्रेमापोटी केलेली भेसळच. मुलाला बक्षीस मिळते, पण ते आपले नाही हे त्यालाच सर्वांत आधी कळते.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाला विशेष लागू आहे. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या आतल्या भागात आपल्या अनेक कुटुंबांची दुकाने आहेत. तेथे संगणक, प्रिंटर आणि बऱ्यापैकी चालणारे इंटरनेट पुष्कळदा दुकानातच असते. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकून आलेला तरुण, पिढीजात काम करणारा बुरड कारागीर, लाकूड कोरणारा माडिया शेतकरी हे सगळे आपले गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या हातात कला आहे, पण अर्ज भरण्याचे साधन नाही. त्यांच्या वस्तूचे छायाचित्र नीट काढून, अर्ज भरून, वेळेत पाठवून देणे हे दुकानदाराला एका दुपारचे काम आहे. मात्र अर्जावर नाव कारागिराचे असावे, दुकानाचे नव्हे. बक्षिसाची रक्कम त्याच्या खात्यात जावी. आणि आयोजक ते छायाचित्र पुढे कोठे वापरू शकतात ही अट त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगूनच त्याची सही घ्यावी. न दिलेले घेऊ नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्याचे नाव घेणे हेही त्यातच येते.

तोच न्याय घरातही लागू व्हावा. आपल्या घरांतील पुष्कळ भगिनींची चित्रे दिवाणखान्यात लागतात, पाहुणे कौतुक करतात आणि ‘सूनबाईंना आवड आहे’ एवढ्यावर विषय संपतो. स्पर्धेच्या अर्जावर तिला तिचे स्वतःचे, पूर्ण नाव लिहावे लागते. कित्येकींच्या बाबतीत तिच्या कलेखाली तिचे नाव प्रथमच लिहिले जाते. त्या अर्जासाठी घरातल्या कोणी रविवारची एक सकाळ द्यावी, चित्र व्हरांड्यात उचलून न्यावे, तिपाई धरावी, पांढरा कागद शेजारी ठेवावा. निकाल काय लागेल हे परीक्षकांच्या हाती आहे. तिचे चित्र जसे आहे तसे त्यांच्यापर्यंत पोहोचवणे मात्र आपल्या हाती आहे आणि त्यासाठी अंतिम तारखेच्या आधीचा एक ढगाळ दिवस पुरेसा आहे.